एकटीचा फोटो

देवपूर, धुळे
१२ जानेवारी २०२४

ती. नाना,
नमस्कार.

तुमच्याशी फोनवर बोलायचं तर माझं बोलणं तुमच्याआधी तुमच्या सगळ्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून हे पत्र. आईनं सांगितलं की आता उजवा कानही गेला. काळजी घ्या असं लिहिणार होते, पण तुम्ही ती घेणार नाही हे तुम्हाला ओळखणारं कुणीही सांगेल.

आपल्या गावचा योगराजदादा यावलच्या एसटीवर असतो. त्याच्या हाती एक खोकं पाठवलंय. त्यात तुमचा दोन भिंगांचा कॅमेरा आहे, पट्ट्यासकट. स्टुडिओ बंद करताना तो तुम्ही मला दिलात, यावलमधल्या एवढ्या शिकाऊ पोरांना सोडून पुतणीच्या पोरीला दिलात, हे मी विसरलेले नाही. पण तेजस गेल्यापासून मी तो उघडलेला नाही. माझा डिजिटल कॅमेराही कपाटात पडून आहे. माझ्या हातून आता फोटो निघत नाहीत, नाना. मग उगीच तुमची वस्तू अडकवून कशाला ठेवू?

काम मात्र फोटोंचंच करते. गिरधरशेठच्या स्टुडिओत बसून लग्नाचे अल्बम लावते. दुसरं एक काम असतं, ते तुम्हाला माहीतच आहे. कुणाच्या घरी म्हातारी वारते. तिचा एकटीचा फोटो नसतो, कारण जिवंत बाईचा एकटीचा फोटो काढणं म्हणजे भिंतीवर आधीच जागा धरून ठेवणं, असं आपल्याकडे मानतात. मग घरचे लोक कुठल्यातरी लग्नातला घोळक्यातला फोटो घेऊन येतात आणि मी त्यातून तिला बाहेर काढते. तिच्या खांद्यावर कुणाचा ना कुणाचा हात असतो, तो पुसते आणि त्या जागी पदर रंगवते. परवा एका बाईच्या खांद्यावरून तिच्या सुनेचा हात पुसला. हात गेला, पण खांदा दबलेलाच दिसत राहिला. गिऱ्हाइकाच्या ते लक्षात आलं नाही.

आपल्या तेजसचा फोटोही असाच झाला. मळ्यात मोटारीचा शॉक लागून तो गेला, आणि दिवसकार्य संपून गंधमुक्ती व्हायच्या आत फोटो पाहिजे म्हणून कुणीतरी घाईघाईनं त्याच्या आधारकार्डावरून मोठा करून आणला. त्याला कोट घातला, टाय बांधला, गोरा केला. आपल्या घरात समोरच्या भिंतीवर हार घालून एक अनोळखी साहेब बसलाय. मी घरी गेले की त्याच्याकडे पाठ करून जेवते. आई माझ्याशी फारसं बोलत नाही. मला वाटतं तिला माझ्या फोटोंचाच राग आलाय. केळीच्या पानांचे, पाखरांचे, परक्यांच्या लग्नांचे हजारो फोटो काढणाऱ्या पोरीकडे सख्ख्या भावाचा एक धड फोटो नाही. तिनं तसं म्हटलेलं नाही, पण मला ऐकू येतं.

कॅमेरा मिळाल्याचं कळवा.

तुमची,
भूमिका


यावल
२३ जानेवारी २०२४

चि. भूमिका,
आशीर्वाद.

खोकं मिळालं, आणि तसंच परत पाठवतोय. योगराज म्हणाला, "नाना, हे काय खेळू राहिले तुम्ही दोघं?" मोठ्यानं म्हणाला असावा, कारण मला ऐकू आलं.

कॅमेरा ही काही शेजारणीची वाटी नव्हे, रिकामी झाली की धुऊन परत करायला. दिला तो दिला.

फोटो निघत नाहीत म्हणतेस. माझ्या मते ते इतके दिवस फार सहज निघत होते. डिजिटलवर तू बोट दाबून ठेवायचीस आणि घरी येऊन शंभरातला एक उचलायचीस. त्याला मी फोटो काढणं म्हणत नाही, निवडणं म्हणतो. आता यात रोल घाल. बारा फोटो निघतील, तेरावा नाही. काढल्याबरोबर मागच्या पडद्यावर दिसणार नाही. काय आलं असेल ते मनात धरून चार दिवस हिंडावं लागेल. त्यानं माणसाचा डोळा ताळ्यावर येतो, माझा आला होता.

आणि एवढ्यात तेजसला शोधत बसू नकोस. जे समोर आहे ते काढ.

रोल माझ्याकडे पाठव, धुऊन देईन. डार्करूम मोडली तरी मोरी शाबूत आहे. मोबाइलवर मात्र काही पाठवू नकोस. काचेवरचा फोटो बोटानं पुढं ढकलता येतो, कागदावरचा समोर बसून राहतो.

तुझी आई, बेबा, परवा येऊन गेली. तिचं एक बारीकसं काम होतं, ते माझ्याकडून झालं नाही. चहा घेऊन गेली. तिच्या रागाचं तू जे लिहितेस त्यावर मी काय बोलू? मी बहिरा माणूस. लोक जे बोलतात तेच मला ऐकू येत नाही, मग न बोललेलं तुला कसं ऐकू येतं ते तूच जाणे.

जीवराम


देवपूर, धुळे
२६ फेब्रुवारी २०२४

ती. नाना,
नमस्कार.

रोल योगराजदादाकडे दिलाय. धुण्याआधीच सांगून टाकते, त्यातले पहिले काही कोरे निघतील. वरच्या भिंगातून मला सगळं नीट दिसत होतं आणि खालच्या भिंगावर झाकण तसंच होतं. पांझरा नदीच्या काठी अर्धी सकाळ मी असे फोटो काढले. माणसं दिसतायत, ऊन दिसतंय, मी मोजूनमापून खटका दाबतेय आणि आत काहीच पोचत नाहीये. झाकण हाती आलं तेव्हा मी तिथंच पायरीवर बसले. गेले कित्येक महिने माझं हेच चाललंय असं वाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी मनमोकळं रडले.

उरलेले फोटो जपून काढले. एक गंमत सांगते. डिजिटल कॅमेरा डोळ्याला लावला की माणसं सावध होतात, केस सारखे करतात. तुमच्या कॅमेऱ्यात पोटाशी धरून खाली मान घालून पाहावं लागतं. समोरच्याला वाटतं ही त्याला नमस्कारच करतेय. वेल्डिंगवाल्यानं मला चक्क बसायला पाट दिला. काचेत सगळं उलटं दिसतं, माणूस उजवीकडे सरकला की डावीकडे जातो, त्यामुळे पहिले दोन दिवस मी प्रत्येकाच्या मागं उलट्या दिशेनं फिरत होते.

माझ्या घरमालकीण पुष्पाबाई तुम्हाला आठवत असतील, माझं सामान लावायला आला होतात तेव्हा तुम्हाला भाकरीवर ठेचा वाढला होता त्या. ओट्यावर ऊन छान पडलं होतं, म्हणून त्यांना म्हटलं, बसा, फोटो काढते. त्या ताडकन उठल्या. "मी काय मरी गयी का? एकलीना फोटू कसाले काढस?" इथली बोली आपल्यापेक्षा वेगळी, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं', पण ही भीती अगदी आपल्या गावची आहे. तो फोटो राहिला.

आईचं काय काम होतं? मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "काई नाई." तिनं फोन आबांकडे दिला आणि आम्हा बापलेकीचं बोलणं केळीच्या भावावर गेलं.

भूमिका


यावल
९ मार्च २०२४

चि. भूमिका,
आशीर्वाद.

रोल धुतला. कोरे ते कोरे. बाकीच्यांत वेल्डिंगवाला चांगला आहे, हातात काम असलेला माणूस खोटा बसत नाही. पुलाचा फोटो कुणालाही काढता आला असता.

तुझ्या जुन्या सवयीचं मात्र एक सांगतो, राग मानू नकोस. तुझ्या डिजिटलच्या त्या भारी भिंगानं तू माणसाच्या मागचं सगळं धूसर करायचीस. चेहरा तेवढा लख्ख, बाकी लोणी. तुला ते फार आवडायचं, बक्षीसही मिळालं होतं. पण केळीचा पील, बुडाशी फुटलेला कोंब, उपटून हातात धरावा तशी ती माणसं दिसतात. कुठं उभी होती, कुणाशेजारी होती, ऊन कुठून येत होतं, काही कळत नाही.

म्हणून सोबत एक डबा पाठवतोय. बिस्किटांचा आहे, आतून काळा रंगवलाय. समोर सुईनं पाडलेलं बारीक भोक आहे, त्यावर चिकटपट्टी. भिंग नाही, काच नाही, डोळा लावायला जागा नाही. आत फोटोचा कागद बसवलाय, आणखी थोडे काळ्या पाकिटात आहेत. ते अंधारातच उघड, खिडकीला गोधडी लावून. माणसाला समोर बसव, पट्टी काढ, मनात अंक मोज, पट्टी लाव. तेवढा वेळ त्यानं हलायचं नाही. यात जवळचं लांबचं सगळं सारखं येतं, डब्याला कुणी लाडकं नसतं. कागद धुवायच्या पुड्याही ठेवल्यात.

आता बेबाचं. तुला सांगणार नव्हतो, पण तू रागाचं काहीतरी घेऊन बसलीस म्हणून सांगतो. ती टॉवेलात गुंडाळून तेजसचा तो भिंतीवरचा फोटो घेऊन आली होती. माझ्यापुढे ठेवला, आणि मला ऐकू यावं म्हणून कानाशी येऊन म्हणाली, "नाना, याचा कोट काढता येईन का? उन्हाळा येऊ राह्यला. त्याले गरम होत असन."

माझ्या स्टुडिओतही खुंटीला काळा कोट होता. आयुष्यभर मी तो लोकांना घातला, जावयांना, नवरदेवांना, मेलेल्यांनासुद्धा रंगानं चढवला. काढून द्या म्हणत कुणी आलं नव्हतं. कोटाच्या खाली काहीच नसतं गं, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? बघतो म्हटलं. तुझे आबा सांगत होते, तेव्हापासून फोटो घरात पालथा ठेवलेला आहे. तिला तुझा राग नाही. तिला तिचा पोरगा पाहायचाय आणि तो कुठं दिसत नाही, एवढंच आहे.

जीवराम


देवपूर, धुळे
२ एप्रिल २०२४

ती. नाना,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी सुट्टी टाकली आणि माझ्याकडच्या सगळ्या डिस्क उघडल्या. कॉलेजपासूनचे फोटो एकेक करून पाहिले. तेजस नाही. म्हणजे आहे, पण कसा? एका फोटोत कोपऱ्यात त्याचं कोपर आहे. एकात चपलेतला अंगठा. एकात हौदावर त्याची सावली, तीसुद्धा मी नंतर कापायची खूण करून ठेवलेली. तुम्हाला ठाऊक आहे, तो कायम माझ्या बाजूला असायचा. आजोबांचं जुनं पांढरं धोतर दोन बांबूंना ताणून बांधलं होतं, ते घेऊन उभा राहायचा, समोरच्याच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. "जरा वर धर. आता थोडं तिरपं." एवढंच आमचं बोलणं. हात भरून आले की धोतर हळूहळू खाली यायचं आणि मी ओरडायचे. तो कॅमेऱ्यासमोर कधी आलाच नाही. मीही त्याला कधी म्हटलं नाही की आज तू बस.

मग मी एक केलं. गिरधरशेठनं नवा प्रोग्राम आणलाय. त्याला एक चेहरा दिला की तो माणसाला हवे ते कपडे घालतो, हसवतो, मान वळवतो. मी तेजसचं आधारकार्ड दिलं आणि कसा हवा ते लिहिलं. निळा चौकड्यांचा शर्ट, पाठीमागे केळीचा बाग, हसरा. पहिल्या वेळी दुसराच कुणी आला. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी जो आला तो अगदी तोच वाटला. त्याचा प्रिंट सोबत आहे.

मला दिसतंय की दात चुकलेत. आपल्या तेजसचा समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, प्रोग्रामनं ते सरळ केले. पण कोट नाही, नाना. गरम होणार नाही. आईला नेऊन दाखवा. माझ्यानं तिच्यासमोर उभं राहवणार नाही.

तुमचा डबा अजून उघडलेला नाही.

भूमिका


यावल
१५ एप्रिल २०२४

चि. भूमिका,
आशीर्वाद.

गेलो होतो. तुझा प्रिंट दाखवायला नको होता, हे मला आधीच कळायला पाहिजे होतं, पण मलाही तो क्षणभर खरा वाटला. चष्मा जुना झालाय म्हणू हवं तर.

बेबानं हात पुसून प्रिंट घेतला. दाराशी उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला. मग मला म्हणाली, "पोरगा चांगला हाये. कोनाचा?"

तिनं दोन्ही हातांनी प्रिंट परत दिला आणि चुलीकडे गेली. तुझे आबा उठून मळ्याकडे निघून गेले. मी यावलला परत येईपर्यंत तो प्रिंट पिशवीत तोंड खाली करून ठेवला होता.

यापुढे त्याला बनवू नकोस. तू आईसाठी ते केलंस हे मला कळतं, पण बनवू नकोस. मला दुसरं काही सुचत नाही. डबा उघड, एवढंच सांगू शकतो.

जीवराम


देवपूर, धुळे
२० मे २०२४

ती. नाना,
नमस्कार.

उत्तर लिहायला महिन्यावर वेळ गेला. आईनं विचारलेलं ते तुम्ही लिहिलंत, त्यानंतर काही दिवस मी कामावरही नीट जात नव्हते. शेठना म्हटलं, वारलेल्यांचे फोटो मला देऊ नका. ते चांगले आहेत, दिले नाहीत.

मग डबा उघडला. पहिले कागद पार काळे झाले, उन्हाळ्याच्या उन्हाचा अंदाजच चुकला. नंतरच्यांवर हळूहळू भिंत दिसायला लागली, भिंतीवरची घागर दिसायला लागली. सकाळी कागद घालायचा, गोधडीखाली धुवायचा, घामाघूम होऊन बाहेर यायचं. पुष्पाबाई हे सगळं पाहत होत्या. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. "हाऊ डबा काय फोटू काढस?" म्हणाल्या आणि स्वतःहून ओट्यावर येऊन बसल्या. पण एकटी नको. मग आत गेल्या आणि तुळशीची कुंडी उचलून आणली, ती शेजारी ठेवली, तिच्यावर हात ठेवला आणि आता काढ म्हणाल्या. फोटोत तुळशीचं पान न् पान आलंय. पुष्पाबाईंचं तोंड मात्र हललं, कारण त्या सगळा वेळ बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं. त्यांच्या तोंडावर सावली येत होती, म्हणून समोर दोरीवर पांढरी चादर टाकली. पट्टी काढली, अंक मोजायला लागले. वाऱ्यानं चादर उडाली. पुष्पाबाईंच्या गालावरचा उजेड गेला. चादर खाली आली, उजेड परत आला. मी डब्याजवळ उभी राहून पाहत होते, नाना, आणि मला ते ओळखीचं वाटलं. हात भरून आल्यावर धोतर खाली यायचं ना, तेव्हा समोरच्याच्या गालावरून उजेड असाच सरकायचा.

चादर दोरीवर तशीच ठेवून मी घरात गेले आणि जुने फोटो काढून बसले. आधी मी त्यात तेजसला शोधत होते. आता नुसता उजेड कुठून आलाय तेवढंच पाहिलं. हा तिरपा उजेड, म्हणजे तो डाव्या बाजूला गुडघ्यावर बसलेला. इथं हनुवटीखालून आलाय, म्हणजे तो कंटाळलाय. एका म्हाताऱ्याच्या कपाळावर उजेडाची कडा वाकडी आहे, म्हणजे त्यानं एका हातानं धोतर धरलंय आणि दुसऱ्या हातानं मान खाजवतोय. माझ्या प्रत्येक चांगल्या फोटोत तो आहे. मी ज्याला माझं कसब समजत होते ते निम्मं त्याच्या हातांत होतं.

आता मुद्द्याचं. तुमचा कॅमेरा मला मिळाला त्या वर्षीचा पहिला रोल आठवतो? तुम्ही धुतला होतात आणि सगळे बारा फोटो एकाच कागदावर छोटे छोटे छापून दिले होतेत. ज्यांत चूक झाली त्यांवर लाल शाईनं फुली मारली होतीत. तो कागद माझ्याकडे आहे. नवव्या फोटोवर फुली आहे आणि तुमच्या अक्षरात लिहिलंय, "नजर चुकली." मीही तो सोडून दिला होता.

तो आईचा आहे. मळ्यात हौदापाशी उभी आहे. ती तेव्हा एकटी उभी राहायला तयार नव्हती, मी म्हटलं होतं की हा फक्त कॅमेरा तपासायचा फोटो आहे, भिंतीवर लावायचा नाही. ती कॅमेऱ्याकडे पाहत नाहीये. माझ्या डाव्या बाजूला पाहतेय आणि तोंडावर पदर घ्यायच्या आत हसून गेलीय. इतकी मोकळी हसलेली आई मी दुसऱ्या कुठल्या फोटोत पाहिलेली नाही. तिथं माझ्या डावीकडे तेजस होता, नाना. तो धोतराच्या वरून डोकं काढून तिला वेडावत होता, म्हणून मी त्याला ओरडले होते, आणि म्हणून ती हसली होती. नजर चुकलेली नाही. ती तिच्या पोराकडे पाहतेय. ते हसू माझ्यासाठी नव्हतं, याचं तेव्हा मला थोडं लागलं होतं. आज वाटतं, बरं झालं, मी मध्ये आले नाही.

निगेटिव्ह तुमच्याकडे आहे. मोठा छापता येईल का? आणि छापाल तेव्हा तिचे डोळे भिंगाखाली धरून पाहा. माझ्या छोट्या छापावर काही नीट दिसत नाही, पण मला एक शंका आहे.

भूमिका


यावल
८ जून २०२४

चि. भूमिका,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग ट्रंक उघडून निगेटिव्ह काढली. ती लाल फुली माझीच. बाईनं कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही की फोटो बाद, असा माझा धडा होता, आणि तोच मी सगळ्यांना शिकवला. यापुढे शिकवणार नाही.

मोठ्या कागदाची एकच पेटी माझ्याकडे उरलीय आणि तिच्यात एकच कागद होता. तो मी स्वतःसाठी ठेवला होता. माझ्यामागे कुणीतरी मला लग्नाच्या घोळक्यातून कापून काढणार, त्यापेक्षा आपला आपण फोटो काढून चांगल्या कागदावर छापून ठेवावा असा विचार होता. तो काही काढून झाला नाही. बेबाचा फोटो त्या कागदावर छापला. भर दुपारी मोरीची खिडकी गोधड्यांनी बुजवली, पाणी तापलेलं म्हणून बर्फ आणला. शेजारची पोरं म्हणत असतील म्हातारा सरबताचं दुकान काढतोय. कागद जुना, त्यामुळे पांढरं जरा राखेसारखं आलं, पण चेहरा उठला.

डोळे भिंगाखाली पाहिले. दोन्ही बुबुळांत एक पांढरा तुकडा आहे, वरच्या बाजूनं थोडा झुकलेला. ते धोतर. आणि धोतराच्या वरच्या कडेला एक काळा ठिपका आहे. मला वाटलं धूळ बसली असेल. निगेटिव्ह पुन्हा धुऊन, वाळवून पाहिली. ठिपका तिथंच. उजव्या डोळ्यात आहे आणि डाव्यातही आहे, त्याच जागी. धूळ दोन्ही डोळ्यांत एकाच जागी पडत नाही. तुझी शंका खरी आहे.

मी फोटो आणि भिंग घेऊन बेबाकडे गेलो. तिला आधी काहीच सांगितलं नाही. स्वतःचा एकटीचा फोटो पाहून ती दचकली, बाजूला सारायला लागली. मी म्हटलं, तू कुणाकडे पाहतेस ते आठव. ती थांबली. मग मी भिंग दिलं आणि डोळ्यात पाहा म्हटलं. ती पाहत राहिली. तुझ्या आबांनी तिचा हात धरला. मग तेही वाकून पाहू लागले. तिचे खांदे हलताना दिसले तेव्हा मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो.

परत बोलावलं तेव्हा कोटातला फोटो ट्रंकेत गेला होता आणि त्या खिळ्याला हा लागला होता. हार घातलेला नाही. मला भीती होती तेच झालं, तुझी थोरली चुलती पीठ मागायला आली आणि दारातच उभी राहिली. मोठ्यानं बोलली, मलाही ऐकू आलं. "बेबा, भरल्या कपाळाची बाई तू. आपला एकटीचा फोटू खिळ्याले लावू राह्यली? काढ तो."

बेबा पीठ घालत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मी एकटी कुठी हाये त्यात?"

चुलतीनं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पीठ घेऊन गेली. ती आता गावभर सांगेल. सांगू दे.

निघताना बेबा माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आली. बसमध्ये चढत होतो तेव्हा माझी बाही धरली आणि कानाशी येऊन म्हणाली, "नाना, तुमचा कागद आमच्यापायी गेला. तिले लिहा, कॅमेरा घेऊन घरी ये म्हना. नानाचा फोटू काढू. धोतर धुऊन ठेवलं हाये, मी धरीन."

जीवराम